मोपा ते जळगाव: ६१० किलोमीटर, एक तास चाळीस मिनिटं

सकाळी ७.३०

गोव्यातल्या मोपाच्या पठारावर मे महिन्यात सकाळी साडेसातलाच ऊन चढलेलं असतं. आमचं ऑपरेशन्सचं ऑफिस मात्र थंडगार, आणि आत दोन घड्याळं. एकावर भारतीय वेळ, दुसऱ्यावर यूटीसी, म्हणजे साडेपाच तास मागे. आमचे सगळे कागद दुसऱ्या घड्याळावर चालतात. आजचं माझं मुख्य विमान साडेबाराचं, मोपा ते जळगाव. कागदावर ते ०७०० चं.

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान मी उडवत नाही. ते कुठल्या वाटेनं, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जाईल आणि किती वेळात पोचेल याचा आराखडा मी करते. त्यावर कॅप्टनची सही होते, तशी माझीही होते. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यतेशिवाय ही सही करता येत नाही, आणि एकदा केली की विमान उतरेपर्यंत माझी जबाबदारी संपत नाही.

रात्रपाळीचा सहकारी चार्ज देतो. विमान एटीआर ७२, सकाळी दुसऱ्या एका फेरीला गेलंय, अकरापर्यंत परत येईल. तांत्रिक तक्रार नाही. जाताना ६८ प्रवासी, येताना आत्तापर्यंत ६१. "जळगावचा पारा तेवढा बघ," तो जाता जाता सांगतो. मे महिन्यात हे वाक्य रोज कुणीतरी कुणाला तरी सांगतंच.

सकाळी ८.००

पहिलं काम हवामानाचं. विमानतळांवरून ठरावीक वेळाने येणारा हवामानाचा सांकेतिक अहवाल म्हणजे मेटार. वारा, दृश्यमानता, ढग, तापमान, दवबिंदू आणि हवेचा दाब, सगळं एका ओळीत. मोपाची ओळ दमट: ३० अंश, दवबिंदू २५. जळगावची कोरडी: सकाळीच ३३, दवबिंदू एक आकडी. दुपारचा अंदाज ४३.

मग नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना. कुठे धावपट्टीचं काम चालू आहे, कुठला दिवा बंद आहे, कुठलं आकाश कुठल्या वेळेत सैन्यदलांसाठी राखीव आहे. गोव्यात नौदल, पुण्यात हवाई दल. महाराष्ट्राच्या या पट्ट्यात आकाश रिकामं दिसलं तरी ते मोकळं असतंच असं नाही.

लहान विमानतळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी बघावी लागते, ती म्हणजे वॉच अवर्स. मुंबई-दिल्ली चोवीस तास जागी असतात. जिल्ह्याच्या विमानतळावर नियंत्रण कक्ष, अग्निशमन दल आणि सुरक्षा ठरलेल्या तासांतच हजर असतात. आपलं विमान उशिरा निघालं आणि ती वेळ उलटू लागली, तर फोन करून मुदत वाढवून घ्यावी लागते. म्हणून मोपाला अर्धा तास उशीर झाला की माझा पहिला फोन जळगावला जातो. आज दोन्ही वेळा त्यांच्या तासांत नीट बसतात.

सकाळी ८.४५

आता अंतर. मोपा साधारण १५.७ उत्तर अक्षांशावर, जळगाव जवळजवळ २१ वर. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर भरतं सुमारे ६१० किलोमीटर, आमच्या भाषेत ३३० सागरी मैलांच्या आसपास. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. म्हणून नकाशावर उत्तर-दक्षिण अंतर डोळ्यांनीच मोजता येतं. सव्वापाच अंश, म्हणजे तीनशे पंधरा मैल. बाकीचे पूर्वेकडच्या तिरकेपणाचे.

ही रेषा नकाशावर ओढली की तिच्यात अख्खा महाराष्ट्र येतो. पेडण्याहून निघून ती सावंतवाडीच्या बाजूनं आंबोलीवर चढते, कोल्हापूरच्या डोक्यावरून जाते, वडूजजवळून माण-खटावचा दुष्काळी पट्टा ओलांडते, बारामतीच्या किंचित पूर्वेनं नीरा आणि भीमा पार करते. अहिल्यानगर डावीकडे राहतं, जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी खालून जातं, मग छत्रपती संभाजीनगर, अजिंठ्याचा डोंगर, आणि डोंगर उतरला की खानदेश. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, माणमध्ये पाचशेच्या आसपास. आमचं विमान या दोन्हींवरून अर्ध्या तासाच्या आत जातं.

रस्त्याने हेच अंतर पावणेआठशे-आठशे किलोमीटर. घाट उतरा-चढा, कोल्हापूर, पुणे, मग नगर किंवा संभाजीनगर करत जळगाव. गाडीने पंधरा-सोळा तास. रेल्वेनं गोवा एक्स्प्रेस लोंढा, मिरज, पुणे, मनमाड करत भुसावळकडे जाते. रात्रभराचा प्रवास, वर पुढचा अर्धा दिवस. माझं माहेर भुसावळकडचं, त्यामुळे त्या गाडीची मला चांगली ओळख आहे. खिडकीतून ऊस संपून कपाशी कधी लागते, तेही पाठ आहे.

सकाळी ९.३०

लोक विचारतात, एटीआरचा वेग ताशी पाचशे किलोमीटर, अंतर ६१०, मग सव्वा तासात पोचायला हवं. तिकिटावर एक तास चाळीस का? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर म्हणजेच माझं रोजचं काम, म्हणून ते नीट मांडते.

पहिलं, विमान सरळ रेषेत जात नाही. धावपट्टीवरून उडताना वारा समोरून हवा असतो, त्यामुळे कधीकधी जायचं उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला असतं. मग ठरलेल्या मार्गबिंदूंवरून जावं लागतं, राखीव आकाश टाळावं लागतं, आणि शेवटी जळगावच्या धावपट्टीशी जुळवून घेण्यासाठी वळसा. ३३० मैलांचे आज माझ्या आराखड्यात ३४५ झालेत.

दुसरं, पाचशेचा वेग सगळ्या वाटेवर मिळत नाही. वजनदार विमान चढताना हळू जातं. सतरा हजार फुटांवर पोचायला अठराएक मिनिटं लागतात, तेवढ्यात साठ मैल कापून होतात. उतरताना पंचावन्न मैलांना चौदा मिनिटं. मधे उरतात २३० मैल. तेवढंच खरं पूर्ण वेगाचं उड्डाण, ५१ मिनिटांचं. शेवटच्या वळशाची चार मिनिटं धरली की हवेतला वेळ ८७ मिनिटं.

तिसरं, जमीन. विमान जागेवरून हलल्यापासून धावपट्टीच्या टोकापर्यंत आठ मिनिटं, उतरल्यावर थांब्यापर्यंत चार. चाकांपुढचे लाकडी ठोकळे, म्हणजे चॉक्स, काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. ८७ आणि १२ मिळून ९९ मिनिटं. तिकिटावर छापलेले एक तास चाळीस ते हेच. त्यात लबाडी नाही आणि चैनही नाही.

चौथं, वारा. मार्ग उत्तरेकडे, थोडा पूर्वेला झुकलेला. पश्चिमेचा वारा त्याला जवळजवळ आडवा लागतो. आडव्या वाऱ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मदतीला येतो. आज वर वीस नॉटचा, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांचा, पश्चिमवारा आहे, जाताना एखादं मिनिट वाचेल आणि येताना तेवढंच खर्ची पडेल. हिवाळ्यात वरचा वारा जोर धरतो तेव्हा हाच फरक तीन-चार मिनिटांवर जातो. पूर्व-पश्चिम मार्गांवर वाऱ्यानं वेळापत्रक बदलतं, आमच्या या मार्गावर ते बहुतेक स्थिर राहतं. हे जळगावच्या प्रवाशाच्या फायद्याचंच आहे.

उंचीलाही नियम आहे. पूर्वेकडच्या अर्ध्या दिशांना तोंड असेल तर विषम हजार फूट, पश्चिमेकडच्या अर्ध्या दिशांना सम. जाताना सतरा हजार, येताना अठरा हजार. समोरासमोर येणारी दोन विमानं एकाच उंचीवर येऊ नयेत म्हणून केलेली ही साधी विभागणी आहे.

सकाळी १०.१५

इंधनाचा हिशेब किलोत करतात, लिटरमध्ये नाही, कारण विमानाला वजनाशी काम. जळगावपर्यंत सुमारे १,०५० किलो. त्याच्या पाच टक्के अनपेक्षित खर्चासाठी. जळगावला उतरताच आलं नाही तर पर्यायी विमानतळ छत्रपती संभाजीनगर, सरळ अंतर सव्वाशे किलोमीटर. त्यासाठी तीनशेच्या वर. तिथेही थांबावं लागलं तर अर्धा तास घिरट्या घालण्याचं इंधन, ते शेवटचं. त्याला हात लावायची वेळ येऊ द्यायची नसते. शिवाय जमिनीवर फिरण्याचं थोडं.

त्यावर आज येण्याचंही इंधन इथूनच भरतेय. लहान विमानतळावर इंधन प्रत्येक वेळी आणि हव्या त्या भावात मिळेल असं धरून चालत नाही, आणि टँकरची वाट बघण्यात अर्ध्या तासाचा थांबा पाऊण तासाचा होतो. असं सगळं मिळून २,८०० किलो. रिकामं विमान साडेतेरा टन, माणसं आणि सामान सहा टनांच्या वर, इंधन पावणेतीन टन. बेरीज २३ टनांच्या कमाल मर्यादेच्या आत बसते, पण फार जागा उरत नाही. मोपाची धावपट्टी लांब आहे, इथून निघायला अडचण नाही. अडचण असली तर ती परतीची.

सकाळी ११.००

परतीचा हिशेब म्हणजे उष्णतेचा हिशेब. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, इंजिनाचा पंखाही कमी हवा ढकलतो. तिन्ही गोष्टी एकदम होतात, त्यामुळे विमानाला जास्त धावावं लागतं. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर; पण पारा ४३ वर गेला की तिथली हवा साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. खानदेशातला माणूस उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातो. विमानाला त्या दिवशी जळगावलाच महाबळेश्वरची उंची लागते. थंडावा मात्र नसतो.

जळगावची धावपट्टी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे. तापमान, वारा, दाब आणि धावपट्टीची लांबी घातली की तक्त्यातून एक आकडा निघतो: या वेळी, या धावपट्टीवरून, इतकं वजन उचलता येईल. जानेवारीत हा आकडा आमच्या आड येत नाही. मे महिन्याच्या दुपारी येतो, आणि मग चार-सहा खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात किंवा सामान मागे ठेवावं लागतं. इंजिन एखादं बंद पडलं तरी विमान सुरक्षित वर चढलं पाहिजे, अशा हिशेबानं हा आकडा काढलेला असतो. त्यात घासाघीस करायची नसते.

आज ६१ प्रवाशांचं वजन बसतंय, थोडी जागाही आहे. जळगाव विमानतळावरच्या आमच्या स्टेशनला फोन करते.

"सामान किती येईल अंदाजे?"

"ताई, सुट्टीवाले आहेत सगळे. समुद्र बघायला निघालेत. पण पापड-कुरडयांच्या पिशव्या असतीलच."

"वजनकाट्यावर प्रत्येक पिशवी ठेवा. नंतर चार आत घालू नका."

"नाही घालत, ताई."

गावाकडून निघालेल्या माणसाच्या पिशवीचं वजन किती असतं ते मला घरचं माहीत आहे. म्हणून हे दरवेळी सांगते.

दुपारी १२.००

कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर दोघंही टेबलापाशी. कागद पुढे करते. वाट, उंची, वारा, इंधन, पर्यायी विमानतळ, हवाई संरक्षणाच्या परवान्याचा क्रमांक. कॅप्टन उपग्रहाच्या चित्रावर बोट ठेवतात. फलटण-बारामतीच्या बाजूला पांढरे ठिपके उगवायला लागलेत.

"येताना हे वाढतील."

"साडेतीनच्या सुमारास तुम्ही तिथे असाल. दहा मिनिटांचं जादा धरलंय."

"पंधराचं घेऊ."

वळवाचा ढग चाळीस-पन्नास हजार फूट चढतो. एटीआरची कमाल उंची पंचवीस हजार. वरून जाता येत नाही, आतून जायचं नसतं, बाजूनंच जावं लागतं. पाच मिनिटांचं इंधन वाढवते, वजन पुन्हा तपासते, दोघांच्या सह्या होतात. शेवटचा शब्द कॅप्टनचा, आणि तो तसाच असायला हवा.

बाहेर विमान उभं आहे. डावं इंजिन थांबलेलं, उजवं चालू, पण त्याचा पंखा फिरत नाही. एटीआरला मोठ्या विमानांसारखं शेपटीतलं छोटं सहायक इंजिन नसतं. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन तेवढं चालू ठेवतात, त्यातून वीज आणि गार हवा मिळते. याला हॉटेल मोड म्हणतात. प्रवासी डावीकडच्या मागच्या दारानं चढतात, पुढच्या बाजूला सामान. एरोब्रिज लागत नाही, मोठी शिडी लागत नाही; दाराच्याच पायऱ्या खाली येतात. जिल्ह्याच्या विमानतळाला परवडणारं विमान असंच असावं लागतं.

१२.३०: चॉक्स काढले. १२.३८: उड्डाण.

दुपारी १२.४० ते २.१०

आता पडद्यावर एक ठिपका, आणि माझ्या कागदावर अपेक्षित वेळा. बाराच्या अहवालात जळगाव ४१ अंश होतं, साडेबाराच्या अहवालात ४२. आकडा वाढला की परतीचं वजन पुन्हा बघते.

१२.५७ ला कोल्हापूर. चढण संपली. एक वाजून १९ मिनिटांनी बारामती, डावीकडे. पावणेदोनच्या सुमाराला संभाजीनगर, आणि तिथूनच उतरण सुरू. ज्या प्रवाशाला अजिंठ्याचा डोंगर बघायचाय त्यानं या वेळी उजवीकडच्या खिडकीत असावं. डोंगराच्या पलीकडे जमीन एकदम खाली जाते, आणि मेमध्येही हिरवे दिसणारे चौकोन म्हणजे केळीच्या बागा. दहा हजार फुटांखाली आलं की तापलेल्या जमिनीवरची हवा विमानाला हलवते. शेवटची दहा मिनिटं पट्टा घट्ट ठेवावा लागतो. त्यात धोका नसतो, अस्वस्थता असते.

या वेळेत मला एक गोष्ट नेहमी सांगावीशी वाटते. हेच ६१० किलोमीटर जेट विमानानं वीसेक मिनिटं आधी कापलं असतं. चढण-उतरण आणि जमिनीवरचा वेळ दोघांना सारखाच लागतो, म्हणून वेग दीडपटीहून जास्त असला तरी बचत तेवढीच. त्या वीस मिनिटांसाठी १८० खुर्च्यांचं जेट दुपटीहून जास्त इंधन जाळतं, आणि रोज १८० माणसं जळगाव-गोवा करणारी मिळायला हवीत. पंख्याचं विमान जुनाट असतं हा समज चुकीचा आहे. पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत आणि पावणेदोन किलोमीटरच्या धावपट्टीसाठी तेच योग्य यंत्र आहे.

दुपारी २.१०

"चॉक्स २.०९ ला," जळगावहून निरोप. एक मिनिट आधी.

कुसुंब्याजवळचा हा विमानतळ २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झाला. त्या इथल्याच. पण धावपट्टी झाली म्हणून विमान आलं असं झालं नाही. केंद्राची उडान योजना २०१६ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली. लहान विमानतळांना जोडणाऱ्या मार्गांवर तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा, आणि तोटा भरून काढायला कंपनीला ठरावीक मदत. २७ एप्रिल २०१७ ला त्यातली पहिली विमानं उडाली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्या दिवशी नांदेड-हैदराबाद आलं. जळगावहून त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीसहून कमी खुर्च्यांचं विमान मुंबईला जाऊ लागलं. सेवा सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. गोव्याशी जोडणी २०२४ ची.

अर्ध्या तासात ६८ माणसं उतरली, सामान उतरलं, आत झाडलोट झाली, नवं सामान तोलून चढलं. धावपट्टीलगतच्या डांबरावर ४३ अंशांत उभं राहून हे करणारी माणसं जळगावचीच पोरं आहेत. लोडशीट, म्हणजे वजनाचा कागद, माझ्याकडे आली. वजन आकड्याच्या आत, समतोल ठीक.

दुपारी २.४०

चॉक्स २.४१ ला काढले. उड्डाण २.४७. धावपट्टी पुरून उरली, कारण हिशेब आधी केलेला होता.

साडेतीनच्या सुमाराला कॅप्टनचा अंदाज खरा ठरला. फलटणच्या बाजूला ढग उभा राहिला. वैमानिकांनी रडारवर बघून मुंबई नियंत्रणाकडून पूर्वेला वीस मैल सरकायची परवानगी घेतली. वाट लांबली, सहा मिनिटं गेली. आतल्या प्रवाशांना कदाचित एवढंच कळलं असेल की विमान थोडं वळलं आणि खिडकीतलं ऊन जरा सरकलं. त्या सहा मिनिटांचं इंधन टाकीत होतं. दुपारी बारा वाजता टेबलापाशी झालेलं बोलणं त्यासाठीच होतं.

दुपारी ४.३०

४.२७ ला मोपाला चॉक्स. येतानाचा ब्लॉक टाइम १ तास ४६ मिनिटं, जातानाचा १ तास ३९. नोंदी करते: ठरलेला वेळ, लागलेला वेळ, कारण, जळालेलं इंधन. या नोंदींच्या सरासरीवरून पुढच्या मोसमाचं वेळापत्रक ठरतं. वेळ जास्त धरला तर विमान दिवसात एक फेरी कमी करतं आणि तिकीट महागतं. कमी धरला तर रोज उशीर होतो. म्हणून आजच्या सहा मिनिटांची नोंद महत्त्वाची. ती का गेली हे लिहिलं नाही, तर पुढच्या वर्षी कुणीतरी चुकीचा वेळ छापेल.

संध्याकाळी ५.००

चार्ज देण्याआधी मनात एक बेरीज करते, कारण प्रवासी विमानतळ ते विमानतळ जात नाही, घर ते घर जातो. म्हापशाचा माणूस दहाला निघाला, अकराला मोपाला आला, साडेबाराला निघून दोन-दहाला उतरला, सामान घेऊन तीनच्या आत जळगाव शहरात. पाच तास. गाडीनं सोळा. अकरा तास वाचले, म्हणजे येण्याजाण्यात जवळजवळ अख्खा एक दिवस. आजारी आईकडे जाणाऱ्याला, दोन दिवसांची रजा मिळालेल्याला हा दिवस मोलाचा असतो.

हीच बेरीज जळगाव-पुण्यासाठी केली तर चित्र बदलतं. सरळ अंतर ३२० किलोमीटरच्या आसपास, रस्त्यानं आठेक तास. विमानाचा वेळ एक-सव्वा तास, पण दोन्ही टोकांचा जमिनीवरचा वेळ तितकाच. घर ते घर साडेचार तास. बचत तीन-साडेतीन तासांची. अंतर जितकं कमी, तितका जमिनीवरचा वेळ विमानाचा फायदा खातो. म्हणून लहान विमानतळाचं भविष्य विमानाच्या वेगानं ठरणार नाही. ते विमानतळाच्या दारातून गावात जाण्याच्या सोयीनं आणि रोज त्याच वेळेला विमान येण्याच्या नेमानं ठरेल.

मोपाला कदंबची बस म्हापसा, पणजी, मडगावकडे जाते. विमानातून उतरलेला माणूस तिच्यात बसतो. ज्या ज्या जिल्ह्यात विमान उतरतं, तिथं एसटीनं विमानाच्या वेळेला जोडून एक गाडी सोडावी. जळगावहून भुसावळ, चाळीसगाव, धुळे, मुक्ताईनगरकडे अशी गाडी भरून जाईल, असं माझं ठाम मत आहे. आणि प्रवाशांनो, तिकिटावरच्या वेळेत अलीकडे-पलीकडे दीड दीड तास धरा, मे महिन्यात सामान हलकं ठेवा, आणि विमान वळसा घेतंय असं दिसलं तर घाबरू नका. त्या वळशाचं इंधन निघण्याआधीच भरलेलं असतं.